बेकरेलची भीती आणि डायची पुडी

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. मेंदी आणि हेअर डायमध्ये किरणोत्सर्गी द्रव्यं सापडली आहेत, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आजच घरातून बाहेर फेका, दहा जणांना पाठवा. सोबत पिवळ्या चौकटीतलं तीन पात्यांचं ते काळं चिन्ह. ग्रुपवर एमपीएससीची तयारी करणारी चाळीस पोरंपोरी आहेत. अर्ध्या तासात हा मेसेज उत्तर नागपुरातल्या निम्म्या घरांत पोचला असणार. बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलाने मला वेगळं विचारलं, "ताई, खरं आहे का हो हे?"

मी त्याला लिहिलं, खरं आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. बिचारा आणखीच गोंधळला.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. कपाळ सुजलेलं, डोळे इतके मिटलेले की नातीचा हात धरून यावं लागलं. कानामागे आणि मानेवर पाणी भरलेले बारीक फोड. दोन दिवसांपूर्वी पुतण्याच्या लग्नासाठी त्यांनी केस काळे केले होते. "उन्हानं झालं असंन पोरी," त्या म्हणाल्या, "डाय तं मी पाच वर्सांपासून लावतो." सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या-मलम मिळालं, आठवड्याभरात सूज उतरली. या मावशींच्या चेहऱ्याबद्दल ग्रुपवर कुणी मेसेज टाकला नाही. त्याला पिवळं-काळं चिन्ह नव्हतं ना.

माझा वाद एवढाच आहे. 'किरणोत्सर्ग' शब्द ऐकला की धोका नाही तिकडे आपण धावतो. आणि जो धोका पुडीवर छापलेला आहे, कायद्यात लिहिलेला आहे, तो बारीक अक्षरांत आहे म्हणून आपल्याला दिसत नाही.

आधी किरणोत्सर्गाचा निकाल लावू. मातीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम आहे, पृथ्वी झाली तेव्हापासून आहे. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. तो किरणोत्सर्गी आहे आणि त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचं आहे. झाड मुळांतून पोटॅशियम घेतं, त्यात हाही येतो. मेंदीचं पान असो, पालक असो, केळं असो. मेंदीची पूड प्रयोगशाळेत गॅमा स्पेक्ट्रोमीटरसमोर ठेवली की पोटॅशियम-४० दिसणारच. सोबत रेडियम-२२६ आणि थोरियम-२३२ ची थोडीफार खूणही दिसते. काहीच दिसलं नाही तर यंत्र तपासायला पाठवावं.

प्रश्न किती, हा आहे. सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियम म्हणजे सुमारे ३१ बेकरेल. मेंदीच्या सुक्या पानात शेकडा एक भाग पोटॅशियम धरा. शंभर ग्रॅमच्या पाकिटात ते एक ग्रॅम झालं, म्हणजे ३१ बेकरेल. आता मेंदी लावणाऱ्या बाईकडे बघा. मोठ्या माणसाच्या शरीरात स्नायूंमधल्या पोटॅशियममुळे सुमारे ४,००० बेकरेल कायमचे असतात. मावशींच्या डोक्यावर थापलेल्या पाकिटापेक्षा मावशीच शंभरपटीने जास्त किरणोत्सर्गी आहेत! साध्या मातीत किलोला पोटॅशियमचे सरासरी ४०० बेकरेल सापडतात. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम आहे. तिथली कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कितीतरी पट जास्त किरण अंगावर घेत जगत आली. तिथल्या लोकांच्या कॅन्सरची नोंद वर्षानुवर्षं ठेवून केलेल्या अभ्यासात त्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

मग शास्त्रज्ञ हे मोजतात कशाला? मोजायलाच हवं. कुठल्या खनिजात काय आहे, बाहेरून येणाऱ्या मालात काही भलतं मिसळलंय का, हे न मोजता कळत नाही. पण असं मोजमाप करून शास्त्रज्ञ शेवटी लिहितो की प्रमाण मर्यादेत आहे. फॉरवर्ड करणारा पहिलं वाक्य उचलतो आणि शेवटचं सोडून देतो.

इथे एक गंमत सांगते. त्या मेसेजमध्ये 'नैसर्गिक किरणोत्सर्ग' असा शब्द होता आणि लोक घाबरले. तोच 'नैसर्गिक' शब्द काळ्या मेंदीच्या पाकिटावर हिरव्या पानाच्या चित्राखाली असतो आणि लोक निर्धास्त होतात. दोन्हीकडे शब्दच फसवतो. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याने केस लालसर-केशरी होतात. नुसत्या मेंदीने केस काळेभोर झालेले मी तरी पाहिले नाहीत, कारण ते होतच नाहीत. पाकिटावर 'मेंदी' आणि डोक्यावर तासाभरात कोळशासारखा काळा रंग, म्हणजे आत दुसरं काहीतरी आहे. ते दुसरं म्हणजे बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमाइन. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत ते नाव किंवा पीपीडी शोधा.

पीपीडी मूळचं रंगहीन असतं आणि त्याचा रेणू लहान असतो. अमोनियासारख्या अल्कलीने केसाचं वरचं खवलं फुगतं, वाट मोकळी होते आणि हा रेणू आत शिरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं. मग रेसॉर्सिनॉलसारख्या दुसऱ्या द्रव्याशी जुळून मोठा रंगीत रेणू तयार होतो. आत लहान होऊन शिरला, मोठा होऊन अडकला. म्हणून हा रंग धुतला तरी जात नाही. पण जो लहान रेणू केसात शिरतो तो कातडीतही शिरतो. तिथल्या प्रथिनाला चिकटतो आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. एकदा शिकल्या की विसरत नाहीत. म्हणूनच मावशींचं 'पाच वर्सांपासून लावतो' हे वाक्य सुरक्षिततेचा पुरावा नाही. पाच वर्षं काही झालं नाही आणि सहाव्या वर्षी डोळे मिटले, असंच या ॲलर्जीचं चालतं. लावल्या लावल्याही दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुलते. त्यामुळे दोष उन्हाला जातो, नाहीतर लग्नातल्या वांग्याच्या भाजीला.

आता माझे काही मित्र म्हणतील, मग लावायचीच कशाला? पिकलेले केस अभिमानाने मिरवा, हा सगळा बाजाराचा खेळ आहे. हे वाक्य मी एमए करताना फार आवडीने म्हणायचे. वस्तीत काम करायला लागल्यावर बंद झालं. या मावशी तीन घरी स्वयंपाक करतात. मागे एका नव्या घरी विचारायला गेल्या तर बाईंनी केसांकडे बघून सांगितलं, आम्हाला जरा तरुण बाई हवी. आमच्याकडचे एक काका सोसायटीत वॉचमन आहेत. ठेकेदार कागदावर वय बघत नाही, डोकं बघतो. दर महिन्याच्या शेवटी, पगारपत्रकाच्या आधी, काका पुडी आणतात. ज्याला पेन्शन आहे त्याचे पांढरे केस म्हणजे अनुभव. ज्याची रोजी आहे त्याचे पांढरे केस म्हणजे उद्यापासून येऊ नका. डाय आमच्याकडे हौसेची वस्तू कमी आणि कामाचं हत्यार जास्त आहे. हत्यार धोक्याचं असेल तर ते टाकून द्या म्हणणं सोपं आहे. मूठ नीट बसवून द्या, ही मागणी करणं अवघड आहे.

आणि सगळ्यात जास्त धोका ज्याच्या डोक्यावर डाय लागतो त्याला नाहीच.

सौंदर्याच्या नावाने खरोखर रेडियम विकल्याचा इतिहास आहे. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये 'थो-राडिया' नावाची क्रीम रेडियम आणि थोरियम घालून विकली जायची, विज्ञानाची नवी देणगी म्हणून. पण रेडियमने सर्वांत आधी कुणाला गिळलं? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात घड्याळांच्या तबकड्यांवर चमकता रंग भरणाऱ्या मुलींना. ब्रशला टोक यावं म्हणून त्यांना तो ओठांत धरायला शिकवलं होतं. त्यांचे जबडे कुजले. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ शिशाच्या पडद्याआड, चिमट्याने रेडियम हाताळत होते. १९२७ मध्ये पाच जणी कोर्टात गेल्या, १९२८ मध्ये तडजोड झाली. विष अंगावर आधी कुणी झेललं, हे त्या कारखान्यात कुणालाही शोधावं लागलं नाही.

आमच्या चौकातल्या सलूनमध्ये मला ही गोष्ट आठवते. तिथला भाऊ माझ्याच वयाचा असेल. बोटांच्या बेचक्यांत चिरा, नखांच्या कडा कायमच्या काळ्या, उजव्या हाताची कातडी सोललेली. दिवसाला सात-आठ डोकी रंगवतो, रविवारी त्याहून जास्त. वाटीत पूड ओततो तेव्हा तोंडासमोर धूळ उडते. मोजे का घालत नाही विचारलं तर म्हणाला, "मोज्यानं पकड येत नाही ताई, अन्‌ गिऱ्हाइकाले वाटते आपल्याले घाण समजून राह्यला. काई नाई होत, दहा वर्सं झाली."

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोन वेगळे निकाल दिले. स्वतःच्या केसांना डाय लावणाऱ्यांबद्दल ठरवता येईल इतका पुरावा नाही, गट ३. आणि न्हावी, हेअरड्रेसर म्हणून काम करणाऱ्यांच्या बाबतीत, कॅन्सर होण्याची बऱ्यापैकी शक्यता, गट २ए. त्यात मूत्राशयाच्या कॅन्सरचा पुरावा मुख्य होता. एकच वाटी, एकच ब्रश. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा अर्धा तास बसतं, भाऊ रोज दिवसभर उभा असतो. एका माणसाला गट ३ आणि दुसऱ्याला गट २ए! जातीने ज्याच्या हातात वस्तरा दिला त्याच्याच हातात हे रसायनही आलं, आणि दोन खुर्च्यांच्या सलूनला ना ईएसआय लागू, ना कारखाना निरीक्षक तिकडे फिरकत. घरगुती पार्लर चालवणाऱ्या बचत गटाच्या बायकांचंही तेच. प्रशिक्षणात त्यांना फेशियल शिकवतात, हात कसा वाचवायचा ते शिकवत नाहीत. ब्लीचमधल्या परसल्फेटने दमा होतो, हेही नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्याच्या सन्मानासाठी हा समाज तेव्हा उभा राहिला होता. त्याच्या हातांसाठी आज कोण उभं राहणार? आपल्या लोकांचे केस कापायला नकार मिळाल्याच्या आठवणी आपल्याकडे आहेत, मला ठाऊक आहे. घरात माझे आजोबा ती सांगत. तरीही हा प्रश्न आपलाच आहे, असं मला वाटतं.

कॅन्सरबद्दल मी जास्त घाबरवणार नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेने १६९ कायमस्वरूपी डाय तपासले. त्यांतल्या १५० डायनी जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवले. त्यानंतर कंपन्यांनी काही घटक बदलले. २००६ मध्ये युरोपीय संघाने सुरक्षिततेची माहिती न दिलेल्या २२ डाय-द्रव्यांवर बंदी घातली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १,१७,२०० नर्सच्या ३६ वर्षांच्या नोंदींवरून बहुतेक कॅन्सर डायमुळे वाढत नाहीत असं दिसलं. त्या नर्स बहुतांश गोऱ्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी ४६,७०९ स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासात कायमस्वरूपी डाय लावणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर ९ टक्क्यांनी जास्त आढळला. वारंवार लावणाऱ्यांत गोऱ्या स्त्रियांत ही वाढ ८ टक्के होती आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ६० टक्के. हा संबंध आहे, अजून सिद्ध झालेलं कारण नाही, हे मान्य. तरी 'सरासरी' या शब्दावर माझा विश्वास का नाही, ते यावरून कळेल. सरासरीत आपण कधीच नसतो.

आता कायदा. १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनं आली. त्याच्या नियमांत हेअर डायच्या वेष्टनावर इशारा छापायला सांगितलं आहे. या उत्पादनाने काहींच्या त्वचेला दाह होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो. हा आंधळेपणा कुणाच्या कल्पनेतला नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा डाय होता, त्यात पीपीडीच होतं. त्याने बायकांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. त्यानंतर १९३८ च्या तिथल्या कायद्यात असा इशारा आला आणि आपल्या नियमातले शब्द जवळपास तेच आहेत. आपल्या नियमात मात्र एक मोलाची अट आहे. इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषांतही हवा. चाचणी कशी करायची तेही लिहिलं आहे. कानामागे किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला थोडा तयार डाय लावायचा, सुकू द्यायचा, २४ तास थांबायचं. दर वेळी, नुसतं पहिल्या वेळी नाही. त्वचारोगतज्ज्ञ ४८ तास थांबायला सांगतात, ते जास्त शहाणपणाचं.

मी आमच्या किराणा दुकानातून सहा वेगवेगळ्या पुड्या आणल्या आणि अभ्यासिकेत पोरांसमोर ठेवल्या. म्हटलं, मराठी इशारा शोधा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघावं लागलं. दोन पुड्यांवर मराठी सापडली, तांदळाच्या दाण्याहून बारीक, घडीच्या आत. दोनांवर हिंदी. उरलेल्या दोनांवर इंग्रजीशिवाय काही नव्हतं. युरोपात पीपीडी मिसळल्यानंतर २ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, सोळा वर्षांखालच्यांसाठी डाय नाही, आणि ज्याने कधी काळ्या मेंदीचं गोंदण काढून घेतलंय त्याला जास्त जपायला सांगतात. आमच्याकडे जत्रेत तेच काळं गोंदण लहान पोरांच्या दंडावर काढून देतात.

आणखी एक गोष्ट आहे, लिहिताना जड जातं. आंध्र, तेलंगण, ओडिशा, बुंदेलखंडातल्या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर गेली अनेक वर्षं लिहीत आहेत की डाय पोटात गेलेले रुग्ण त्यांच्याकडे येतात, आणि त्यांत तरुण बायका फार असतात. गळा सुजतो, श्वास अडतो, स्नायू विरघळायला लागून मूत्रपिंडं बंद पडतात. यावर उतारा नाही. वाचतो तो वेळेत पोचलेला माणूस, जिथे श्वासनलिका मोकळी करण्याची आणि डायलिसिसची सोय आहे अशा ठिकाणी. म्हणून घरी मीठपाणी पाजत बसू नका, मोठ्या रुग्णालयात न्या, पुडी किंवा बाटली सोबत न्या. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. माणूस हताश झाल्याच्या त्या तासात हाताशी काय आहे, यावर त्याचा जीव ठरतो. घटकांवर मर्यादा आणणं हा जीव वाचवण्याचाही भाग आहे. हे वाचताना कुणाच्या मनात तसं काही चाललं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाहीतर मला, कुणालाही, शेजारणीला हाक मारा.

पोरांनी परवा अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला दोन कागद दिले. एक तक्रार, सहा पुड्यांच्या फोटोंसह. दुसरा माहिती अधिकाराचा अर्ज. गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात हेअर डायचे किती नमुने घेतले, किती तपासले, स्थानिक भाषेत इशारा नसल्याबद्दल किती कारवाया केल्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ज्याने मला 'खरं आहे का' विचारलं होतं, त्याच मुलाने अर्ज लिहिला. तो मेसेज अजून फिरतोय, पण आता तो आला की हा मुलगा खाली पुडीच्या मागच्या बाजूचा फोटो टाकतो.

सलूनमधल्या भाऊसाठी नायट्राइलच्या मोज्यांचा डबा आणला, शंभर नगांचा. साधे पातळ प्लास्टिकचे मोजे फाटतात, नायट्राइल पीपीडीला बऱ्यापैकी थोपवतं. पकड येत नाही म्हणाला होता, कारण मागे त्याने घातलेले मोजे दोन नंबर मोठे होते. आता मापाचे आहेत. गिऱ्हाइकाला घाण वाटल्याचं वाटू नये म्हणून खुर्चीसमोर कागद चिकटवलाय, मराठीत, मोठ्या अक्षरांत. मजकूर त्यानेच सांगितला. 'मोजे माह्या हातासाठी हायेत. डाय लावायच्या आदल्या दिवशी येऊन कानामागं चाचणी करून जा, पैसे नाही लागत.'

मावशींनी चाचणी केली नाही. त्या आता डायच लावत नाहीत, डॉक्टरांनी कायमचं बंद केलंय. डोक्याला पदर घट्ट घेऊन कामावर जातात. तीनपैकी एक घर सुटलं.